एक खाच मागे

आमच्या गावात त्याला सगळे डबल म्हणत. आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव होतं, पण ते हाक मारायला कुणाच्या तोंडात बसलं नाही. कुलूप लावलं की हा दोनदा ओढून बघणार, चार घरं पुढे गेला की माघारी येऊन आणखी एकदा ओढणार. दोराला गाठ मारली की त्या गाठीवर दुसरी गाठ. बुटाची नाडी तर अशी आवळायचा की संध्याकाळी ती सोडवायला बायको दाभण घेऊन बसायची. "या माणसाशी लग्न केलं तेव्हा वाटलं, घट्ट माणूस आहे," ती शेजारणींना सांगायची, "पण इतका घट्ट असेल असं वाटलं नव्हतं."

लोक हसत. हसणाऱ्यांत मीही होतो. पण ही भीती त्याला कुठे लागली हे ज्यांना ठाऊक होतं, ते हसून झाल्यावर जरा गप्प होत.

तरुणपणी डबल आपल्या थोरल्या भावाच्या टेम्पोवर जायचा. दादा चालवायचा, हा शेजारी बसायचा. एकदा भाजीच्या पेट्या भरून दोघे बाजाराला निघाले होते. रस्ता सरळ होता, हवा मोकळी होती, दादा शीळ घालत होता. तेवढ्यात डबलच्या खिडकीशेजारून एक चाक आलं. एकटंच. रस्त्याच्या कडेने, घाई असल्यासारखं, ते त्यांना मागे टाकून पुढे निघालं. डबलला हसू आलं. म्हणाला, "दादा, बघ, कुणाचं तरी चाक चाललंय."

चाक त्यांचंच होतं. हे कळायला जेवढा वेळ लागला, तेवढाच वेळ टेम्पोला मागच्या बाजूने खाली बसायला लागला. मग लोखंड रस्त्याला घासलं, आभाळ एका अंगाला कललं, आणि पेट्या अंगावर आल्या.

दोघे जगले. दादाचा पाय मात्र आयुष्यभरासाठी वाकडा झाला. त्याने टेम्पो विकला आणि वेशीजवळ पत्र्याचं गॅरेज टाकलं. "देवानं दोन पाय दिले, एक चाकानं नेला, आता चाकांकडूनच वसूल करतो," असं म्हणायचा आणि खो खो हसायचा. पाय दादाचा गेला आणि भीती धाकट्याला लागली, असा तो हिशेब.

पुढे डबलनेही गाडी घेतली. गावाइतकीच जुनी वाटावी अशी, पांढरी, दारांच्या खालच्या कडा गंजाने खाल्लेल्या. माणसांना बाजाराला, दवाखान्याला, स्टेशनला नेऊन सोडायचा. त्याच्या गाडीत बसलेलं माणूस उशिरा पोचेल, पण पोचेल, अशी त्याची ख्याती. फक्त घाट नको म्हणायचा. घाटापलीकडे जायचं असेल तर दुसरी गाडी बघा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा तर पाणीही फुंकून प्यायचा.

आणि नेमकं घाटापलीकडेच जायची वेळ आली.

त्याच्या बायकोच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. एक डोळा पार दुधाळ झाला, दुसऱ्यात धुकं भरत चाललं. ती चुलीपाशी हाताच्या अंदाजाने वावरायची, धान्य बोटांनी निवडायची, माणसं पावलांवरून ओळखायची. डोळ्यांचं मोठं इस्पितळ डोंगराच्या पलीकडे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून बजावलं होतं, "आता थांबू नका. हा पिकून कडक झाला की काढणं अवघड होतं. मग नजर येईलच असं मी सांगू शकणार नाही."

डबलने दोनदा तारीख घेतली आणि दोनदा मोडली. एकदा धुकं आहे म्हणाला. एकदा गाडीला बरं नाही म्हणाला.

"बसने जाऊ," बायको म्हणाली.

"दुसऱ्यानं आवळलेल्या नटावर तुला बसवू?"

"अहो, गावातली सगळी माणसं बसतात."

"बसू देत."

तिने वाद घातला नाही. फक्त म्हणाली, "तुमच्या डोळ्यांनी बघायची सवय लावून घेते मग. पण तुम्ही सांगता त्या जगात नुसते खड्डेच असतात."

हे त्याला लागलं. त्याने तिसरी तारीख घेतली. आणि तारीख घेतली त्याच आठवड्यात गाडी मागून गुणगुणायला लागली.

आधी त्याला वाटलं, रस्ताच तसा आहे. मग वाटलं, टायर. त्याने टायर पुढचे मागे केले, हवा बघितली, गुणगुण तशीच. हळू चालवलं की कमी, वेग घेतला की वाढायची. भिंतीपलीकडे कुणीतरी जात्यावर दळत बसावं तसा आवाज. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. याचा ब्रह्मराक्षस मागच्या चाकात येऊन बसला होता आणि घरघरत होता. खिडकीबाहेर काही हललं की डबल दचकून बघायचा, आपलंच चाक तर पुढे निघालं नाही ना.

शेवटी गाडी घेऊन तो दादाकडे गेला.

दादा मागच्या सीटवर बसला, वाकडा पाय आडवा टाकून, आणि डोळे मिटले. "चालव. वीटभट्टीपर्यंत जा. तोंड बंद ठेव, गाडीला बोलू दे."

मोकळ्या रस्त्यावर दादाने त्याला गाडी आधी डावीकडे वळवायला लावली. घरघर वाढली. उजवीकडे वळवायला लावली. घरघर दबली.

"उजवं मागचं," दादा डोळे न उघडता म्हणाला. "डावीकडे वळलास की भार उजव्यावर येतो. भार आला की ते कण्हतं. टायर असा भेदभाव करत नाही. बेअरिंग गेलं."

गॅरेजमध्ये गाडी जॅकवर चढली. दादाने पुढच्या चाकांना लाकडं लावली, हँडब्रेक सोडला, आणि चाक वर एका हाताने, खाली एका हाताने धरून हलवलं. टक. परत हलवलं. टक. आवाज लहानसा होता, पण डबलला तो स्वतःच्या दातांत ऐकू आला. त्याने मागे होऊन भिंतीला पाठ टेकली.

"अरे, चाक निघून आलं नाही अजून," दादा म्हणाला. "पाणी पी."

चाक उतरलं, ड्रम निघाला. आतलं ग्रीस काजळासारखं काळं झालं होतं. दादाने बेअरिंग पुसून उजेडात धरलं. आतले लोखंडी रोळ उंदराने कुरतडावेत तसे टवके गेलेले. त्याने नवं बेअरिंग तळहातावर घेतलं, ग्रीस अंगठ्याने आत आत दाबून भरलं, पलीकडून बाहेर येईपर्यंत. ड्रम चढवला. मग डाव्या हाताने ड्रम फिरवत उजव्या हाताने नट आवळत गेला. ड्रम जड झाला तसा थांबला. आणि नट सोडला.

डबल पुढे झाला. "सोडलास का?"

"आवळायचा तो बेअरिंग जागेवर बसावं म्हणून. बसलं की सोडायचा, आणि मग नुसत्या बोटांनी लावायचा. पाना लांब ठेवायचा." दादाने नट बोटांनी फिरवला. नटाच्या कडेला खाचा होत्या. त्यातली एक खाच आसातल्या भोकासमोर आली की त्यातून पिन घालायची, म्हणजे नट फिरत नाही. खाच भोकासमोर येत नव्हती, जरा अलीकडे राहत होती. दादाने नट मागे घेतला, मागची खाच जुळवली, पिन घातली आणि तिची दोन्ही टोकं वाकवली.

"पुढची घेतली असतीस तर घट्ट बसला असता."

"खाच जुळली नाही तर मागे यायचं. पुढे नाही. हे बापाला विचारलंस तरी हेच सांगेल."

"बाप आहे कुठे सांगायला?"

"म्हणून तर मी सांगतोय. हलवून बघ."

डबलने वर-खाली धरून हलवलं. टक नव्हतं. पण काहीतरी होतं. केसाएवढं. पापणी लवावी इतकं. त्याच्या हाताला ते कळलं.

"दादा, हे हलतंय."

"हलायलाच पाहिजे. चालल्यावर ते तापतं, तापलं की फुगतं. त्याला फुगायला जागा नको?"

"तुझंही असंच हलत होतं."

दादा हात पुसत म्हणाला, "माझं हलत होतं म्हणून गेलं नाही रे. मी पिन घातली नव्हती. पिन सापडेना म्हणून तारेचा तुकडा घातला होता आणि शीळ घालत निघालो होतो. हे तुला किती वेळा सांगितलं."

सांगितलं होतं. पण भीतीला कान नसतात, तिला नुसते डोळे असतात, आणि त्या डोळ्यांपुढून ते एकटं चाक अजून जात होतं.

निघायच्या आदल्या दिवशी, दुपार कलताना, डबलने अंगणात गाडी जॅकवर घेतली. चाक हलवलं. ते केसभर होतंच. चहा पिऊन आला, परत हलवलं. होतंच. त्याने चाकाच्या मधलं टोपण काढलं, पिन सरळ करून ओढली, आणि पाना लावला. एक खाच पुढे. फक्त एक. नवी पिन घातली. हलवलं, काही नाही. दगड झाला होता. त्याच्या छातीतून श्वास सुटला.

पायरीवर बायको बसली होती. "काय करताय?"

"पुसतोय."

"पुसण्याचा आवाज असा येत नाही."

त्याने जॅक उतरवायला घेतला. तिने पुढे विचारलं नाही.

सकाळी निघाले. ती पुढे बसली, मांडीवर कपड्यांची पिशवी. सपाटीवर गाडी इतकी शांत धावत होती की डबल एकदा स्वतःशीच मान हलवून गेला. मग डोंगर आला. रस्ता चढायला लागला, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला नुसती हवा. प्रत्येक वळणावर तो हॉर्न द्यायचा, समोर कुणी नसलं तरी. मागून आलेली गाडी पुढे गेली की तिची चाकं मोजायचा. दरीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण दरी डोळ्यांच्या कोपऱ्यातून आत येत होती.

"दरी आली का?" बायकोने विचारलं.

"आली."

"मला पांढरं दिसतंय सगळं. बरंय. माझ्या वाटची तुम्हीच भ्या."

अर्धा घाट चढून झाला असेल. तिने नाक उचललं. "काहीतरी करपतंय."

"पुढच्या ट्रकचा ब्रेक असेल."

"पुढे ट्रक आहे?"

पुढे ट्रक नव्हता. पुढे रिकामा रस्ता होता. मागे बघायच्या आरशात उजव्या अंगाने धुराची एक बारीक बट वर येत होती, उदबत्तीची असावी तशी.

एका वळणावर कातळाच्या बाजूला थोडी सपाट जागा होती. तिथे गाडी कशीबशी लावून तो उतरला. उजव्या मागच्या चाकाच्या मधल्या टोपणाजवळ तळहात नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. लावायचीही गरज नव्हती, आच दुरूनच लागत होती. वितळलेलं ग्रीस चाकावरून ओघळून आलं होतं. तो दुसऱ्या बाजूला गेला, डाव्या चाकाला हात लावला. जेमतेम कोमट. म्हणजे ब्रेक नव्हे. चढाला ब्रेक लागलाच नव्हता.

त्याला सगळं कळलं. मांजराच्या पिलाला पोरानं प्रेमाने आवळावं, तसं त्याने ते बेअरिंग आवळलं होतं.

फोनला रेंजची एकच काडी होती. दादाने उचलला.

"दादा, उजवं मागचं पेटलंय."

"किती खाचा पुढे घेतल्यास?"

डबलने काही सांगितलं नव्हतं. त्याचे कान तापले. "एक."

"अति तिथे माती, गाढवा. पाणी टाकू नकोस त्याच्यावर. गार होऊ दे आपोआप. मग खोल, रोळ बघ, तापून निळे पडलेत का, टवके गेलेत का. नसतील तर ग्रीस भर आणि मी दाखवलं तसं लाव."

"तू ये ना."

"मी येईपर्यंत दिवस जाईल, डॉक्टरीणबाई निघून जातील. तूच सोड. जो आवळतो त्याला सोडताही आलं पाहिजे. आणि पिन नवी घा—"

काडी गेली. डबल फोन वर धरून थोडा वेळ तसाच उभा राहिला. वारा दरीतून वर येत होता आणि कातळाला लागून खाली जात होता.

त्याने बायकोला हाताला धरून उतरवलं, कातळाशी एका दगडावर बसवलं. डिकी उघडली. त्या माणसाच्या डिकीत सगळं दुहेरी होतं. दोन जॅक, दोन पाने, ग्रीसचे दोन डबे, पिनांची पुडी. भीतीने जमवलेला संसार. त्याने पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले, मग त्या दगडांना दगड लावले, गाडी गिअरमध्ये ठेवली. चाक गार होईपर्यंत दोघे बसून राहिले. मग जॅक लावला. आता चाक फिरवून बघायचं तर हँडब्रेक सोडायला हवा होता. घाटात, दरीच्या तोंडावर, हँडब्रेक सोडायचा.

त्याने बटण दाबून लिव्हर खाली नेला. गाडी किंचित कुरकुरली. हलली नाही.

टोपण, पिन, नट, वायसर. एकेक वस्तू काढून तो बायकोच्या ओंजळीत देत गेला. बेअरिंग हातात आलं तेव्हा त्याचे हात इतके कापत होते की रोळ त्याला नीट दिसेनात.

"इकडे द्या," ती म्हणाली. त्याने पुसून दिलं. धान्य निवडतात तशी तिने बोटं फिरवली, एका रोळावरून दुसऱ्यावर, सावकाश, पुरतं वर्तुळ. "काय शोधायचं?"

"टवका. खरबरीतपणा."

"नाही. गुळगुळीत आहे. सगळे सारखे आहेत." मग थांबून, "काल हेच पुसत होता?"

"आवळत होतो."

"माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, आवळल्यावर तरी झोप येईल तुम्हाला."

त्याने बेअरिंग उजेडाकडे धरलं. निळं पडलं नव्हतं. अंगठ्याने ग्रीस भरलं, बसवलं. ड्रम फिरवत नट आवळला, जड झाला तसा सोडला, बोटांनी लावला. भोकात बघितलं. खाच जुळत नव्हती. अलीकडे एक, पलीकडे एक, आणि मधोमध भोक त्याच्याकडे बघत होतं.

त्याचा हात आपणहून पुढे निघाला. पाना कधी उचलला हे त्यालाही कळलं नाही. पुढची खाच इतकी जवळ होती! खाली दरी, दगडावर बायको, आणि मागे कुठेतरी ते एकटं चाक अजून पळत होतं. सैल करून तिला या कड्याकडेने न्यायचं? स्वतःच्या हाताने सैल करून?

"झालं का?" ती म्हणाली. आवाजात घाई नव्हती, भीतीही नव्हती. ओंजळीत ते टोपण तिने असं धरलं होतं की जणू त्यात पाणी आहे.

त्याने पाना खाली ठेवला. बोटांनी नट मागे घेतला. खाच जुळली. नवी पिन घातली, टोकं वाकवली, ती दोनदा ओढून बघितली, तेवढं चालतं. चाक चढवलं, वर-खाली धरून हलवलं. केसभर. तरी त्याने जॅक उतरवला.

पुढचा घाट त्याने कसा चालवला ते त्यालाच ठाऊक. दर काही वळणांनी थांबायचा, उतरायचा, तळहात टोपणाला लावायचा. पहिल्यांदा लावताना डोळे मिटून घेतले. कोमट. कोंबडीने नुकतंच घातलेलं अंडं असतं तसं. पुढच्या वेळी तसंच. त्याच्या पुढच्या वेळीही. खिंडीत पोचल्यावर त्याने बायकोचा हात धरून तोही लावला. ती म्हणाली, "ताप नाही."

इस्पितळात उशिरा पोचले. डॉक्टरीणबाई निघायच्या बेतात होत्या, पण थांबल्या. दुधाळ डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. बाहेर बाकावर बसलेल्या डबलने तेवढ्या वेळात वऱ्हांड्यातल्या खिडकीची सैल कडी आवळून टाकली, हे तिथल्या नर्सने नंतर हसत सांगितलं.

परतताना तिच्या डोळ्याला काळा चष्मा होता, पण त्याच्याआड नजर होती. येताना दरी तिच्या बाजूला आली. खिंड ओलांडली आणि ती एकदम ताठ बसली.

"अहो. ही दरी एवढी होती?"

"होती."

"त्या दिवशी पण?"

"त्या दिवशी पण."

ग्रीसचे काळे डाग पडलेली ती जागा आली. कातळापाशी तो दगड होता, आणि रस्ता ओलांडून हाताच्या अंतरावर काहीच नव्हतं. ती बघत राहिली. "मला इथे बसवलंत आणि हँडब्रेक सोडलात?"

"दगडाला दगड लावले होते."

"हळू चालवा!"

"याहून हळू चालवली तर मागे जाईल."

तिने दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरली, बोटांची पेरं पांढरी पडली. डबलने तिच्या हातांकडे बघितलं, मग रस्त्याकडे. त्याची स्वतःची छाती अजून धडधडत होतीच. पण घाटात त्याला हसू आलं, ते पहिल्यांदा.

"अगं," तो म्हणाला, "एक खाच मागे."

"गप्प बसा," ती म्हणाली, "आणि पुढे बघा."